साडेसातशे पदरांची वात

मला माझ्या थोरल्या जावेचा हेवा वाटायचा. वाटायचा कसला, वाटतो. पन्नाशी जवळ आली, जीवशास्त्र शिकवून बावीस वर्षं झाली, केस रंगवायचे सोडून दिले, पण हे काही सुटलं नाही. आणि हेवा करण्यासारखं तिच्याकडे आहे तरी काय? शिक्षण दहावीपर्यंतचं. वाडीत अनवाणी फिरून टाचा भेगाळलेल्या. ठेवणीतल्या साड्या मोजून चार. पण माझी मुलगी तिच्याशी बोलते. माझ्याशी बोलत नाही, मला फक्त उत्तरं देते.

आमचं घर श्रीवर्धनच्या अलीकडे, पोफळीच्या वाडीत. थोरले दीर आणि जाऊ वाडी बघतात, माझा नवरा दिघीला बंदरावर नोकरीला आहे आणि मी बोर्लीच्या कॉलेजात अकरावी-बारावीला शिकवते. घर एकत्र, स्वयंपाक एक. जावेला मूल नाही. माझी मुलगी तीन महिन्यांची असताना मी पुन्हा कामावर रुजू झाले, तेव्हापासून ती वाढली जावेच्याच मांडीवर. तिला ती 'मोठी आई' म्हणते. म्हणायला मीच शिकवलं. आता वाटतं, काकू म्हण म्हटलं असतं तर काय बिघडलं असतं?

एक गोष्ट सांगते, म्हणजे कळेल. मुलीला पहिल्यांदा पाळी आली ते मला कळलं कधी, तर कपाटातला पॅडचा पुडा अर्धा झालेला दिसला तेव्हा. आठवडा उलटून गेला होता. तो धडा मी वर्गात दरवर्षी जीव तोडून शिकवते, मुली लाजू नयेत म्हणून मुद्दाम मोठ्याने बोलते, आणि माझ्याच घरात सगळं परस्पर उरकलं होतं. जावेने तिला गरम पाण्याची पिशवी दिली होती, मुगाची खिचडी करून घातली होती आणि मला काही बोलली नव्हती. मी विचारलं तर म्हणाली, ती सांगेल म्हणून थांबले. माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला. पण बोलणार काय? उपकार करणाऱ्या बाईशी भांडता येत नाही, हा तर तिचा सगळ्यात मोठा गुन्हा.

गेल्या वर्षी मुलगी बारावीत माझ्याच वर्गात होती. तिने डॉक्टर व्हायचं हे मी ती पाचवीत असतानाच ठरवलं होतं. मला स्वतःला थोडक्यात हुकलं होतं ते. तिला विचारलं की ती हो म्हणायची. त्या 'हो'त काही दम नव्हता, हे मला कळत होतं. पण हो म्हणते आहे ना, मग कशाला खोदून विचारा, असं करत मी वेळ मारून नेत होते.

श्रावणात मी डीएनएची घडी शिकवायला घेतली. माझा आवडता भाग. आपल्या एकेका पेशीत दोन मीटर लांबीचा डीएनए असतो आणि तो बसतो पेशीच्या केंद्रकात, जे नुसत्या डोळ्यांना दिसतसुद्धा नाही. कोंबून बसवलेला नसतो. हिस्टोन नावाची प्रथिनं असतात, आठ-आठ एकत्र येऊन त्यांचं एक रीळ होतं. त्याच्यावर डीएनएचे जवळजवळ पावणेदोन वेढे, मग थोडा मोकळा धागा, मग पुढचं रीळ. धाग्यात मणी ओवल्यासारखं दिसतं. त्या मण्यांच्या माळेची पुन्हा घडी, तिची पुन्हा घडी. मी फळा भरून काढला. रंगीत खडू वापरले. साठ चेहरे माझ्याकडे बघत होते आणि एकाच्याही डोळ्यांत काही हललं नाही. तिसऱ्या बाकावर माझी मुलगी वहीच्या कोपऱ्यात पानं काढत बसली होती.

त्याच संध्याकाळी मी स्वयंपाकघरात भाजी चिरत होते आणि बाहेर पडवीत जाऊ वात वळत होती. ही साधी वात नव्हे. त्रिपुरी पौर्णिमेला शंकराच्या देवळात साडेसातशे पदरांची वात लावतात, ती. डाव्या हातात कापूस धरायचा, उजव्या हाताची बोटं राखेत बुडवायची आणि केसासारखा बारीक धागा ओढत ओढत पोफळीच्या लाकडाच्या कांडीवर गुंडाळायचा. रोज सहा-सात वेढे. आषाढात सुरू केलं की कार्तिकात साडेसातशे होतात. मग कांडी काढून घ्यायची, मधोमध आवळून बांधायचं आणि दुमडायचं, की अंगठ्याएवढी जाड वात तयार. जाऊ ही दरवर्षी करत नाही, मनात काही धरलं तरच करते. या वेळी काय धरलंय ते मी विचारलं नव्हतं. विचारलं असतं तरी तिने सांगितलं नसतं, बोलून दाखवलं की फळत नाही अशी तिची समजूत.

मुलगी तिच्याशेजारी बसली होती. हा धागा सगळा सोडला तर कुठपर्यंत जाईल, असं तिने विचारलं. जाऊ म्हणाली, जाईल की विहिरीपर्यंत, नाहीतर फाटकापर्यंतसुद्धा. आणि मग माझी मुलगी, जी वर्गात पानं काढत बसली होती, तिने माझा अख्खा तास तिला सांगितला. दोन मीटर, रीळ, पावणेदोन वेढे, घडीवर घडी. एक शब्द चुकला नाही.

सगळं ऐकून जाऊ म्हणाली, "एवढं घट्ट गुंडाळून ठेवल्यावर पेशी ते वाचते कशी गो?"

बावीस वर्षांत हा प्रश्न मला एकाही विद्यार्थ्याने विचारला नाही. धड्यातला खरा प्रश्न तर हाच आहे. आणि तो दहावी झालेल्या बाईने राखेची बोटं पदराला पुसत विचारावा? मुलीने तिला समजावलं की पेशी सगळं सोडतच नाही. जेवढं लागतं तेवढाच भाग सैल करते, वाचते आणि पुन्हा मिटवते. धागा सगळ्या पेशींत तोच, पण डोळ्यातली पेशी एक भाग सैल करते आणि यकृतातली दुसराच. घट्ट राहिलेलंही तिथेच असतं, पण वाचलं जात नाही. जाऊ म्हणाली, शहाणी आहे हो पेशी. दोघी हसल्या. मी वांग्यांच्या फोडी इतक्या बारीक केल्या होत्या की शिजून त्यांचा नुसता लगदा झाला.

पुढे चाचणी परीक्षेत तोच प्रश्न आला. मीच काढला होता आणि पेपरही मीच तपासले. मुलीने उत्तर सुरेख लिहिलं होतं. आकृतीच्या खाली तिने वातीचं उदाहरण दिलं होतं, कांडी म्हणजे हिस्टोन आणि सूत म्हणजे डीएनए, असं. मी अर्धा मार्क कापला. शेजारी लाल शाईत लिहिलं, 'पुस्तकातील उदाहरण अपेक्षित.' कुठल्याही पुस्तकात तिथे उदाहरण अपेक्षित नाही. हे मला माहीत होतं आणि तिलाही. तिने पेपर बघितला, घडी केली, दप्तरात ठेवला. भांडली असती तर बरं वाटलं असतं.

दिवाळीची सुट्टी संपली आणि उजळणी सुरू झाली. हाच भाग पुन्हा घ्यायचा होता. मला ते साठ मख्ख चेहरे आठवले, पडवीतलं ते हसणं आठवलं, आणि माझ्या डोक्यात किडा वळवळला. वात तयार होऊन देवघरात पितळी डब्यात ठेवलेली होती, पौर्णिमेला चार दिवस होते. जाऊ सकाळीच वाडीत गेली होती, सुपारी उतरवायला माणसं आली होती म्हणून. मी डबा उघडला, वात रुमालात गुंडाळली आणि पर्समध्ये टाकली. नुसती दाखवायची, संध्याकाळी परत ठेवायची. विचारलं असतं तर तिने नाही म्हटलं नसतं. पण विचारायचं कसं? तुमची वस्तू वापरून मला माझ्या मुलीच्या नजरेत चढायचंय, असं?

प्रयोगशाळेत मी ती टेबलावर ठेवली. यात किती लांब धागा असेल, सांगा बघू. कोणी म्हणालं दोन हात, कोणी म्हणालं दहा. वर्ग जागा झाला होता. एवढा जागा वर्ग मी कित्येक वर्षांत बघितला नव्हता. तिसऱ्या बाकावर मुलीने मान वर केली, वात ओळखली आणि ती उभी राहिली. हळूच मान हलवली, नको म्हणून.

मी तिथे थांबायला हवं होतं. खरं सांगते, तिची ती हललेली मान बघूनच मी थांबले नाही. मला वाटलं, बघ आता, मलाही जमतं. मी मधली गाठ सोडली, टोक शोधलं आणि पहिल्या बाकावरच्या मुलीच्या हातात दिलं. ती दारातून बाहेर निघाली. व्हरांड्यातून, पाण्याच्या टाकीवरून, पार बदामाच्या झाडापर्यंत. मुलं बाकांवर चढून बघत होती. शेजारच्या वर्गातले सर डोकावून गेले. आणि मी टाळ्या घेतल्यासारखी उभी होते, हातात ती सैल होत चाललेली वात घेऊन.

मग धागा तुटला. हाताने काढलेलं सूत, किती ताण सोसणार? मी दुसरं टोक शोधलं, तेही तुटलं. तेवढ्यात कुणीतरी उकडतंय म्हणून पंखा लावला आणि उरलेले पदर हवेवर उठले. दोन मिनिटांत टेबलावर मुठीएवढा गुंता आणि दारापर्यंत तुटके धागे. एका मुलीने विचारलं, मॅडम, हे आता परत कसं गुंडाळायचं? वर्ग हसला. मी पण हसले. तास संपल्याची घंटा झाली. माझी मुलगी मागे राहिली, वाकून जमिनीवरचे धागे गोळा करत. मी म्हटलं, राहू दे, मी करते. तिने ऐकलं नाही.

घरी जाताना ती स्कूटरवर माझ्या मागे बसली, धाग्यांची पिशवी मांडीवर घेऊन. वाटेत एकदाच बोलली. "आई, ती कशासाठी असेल, कळतंय का तुला?" मी म्हटलं, त्रिपुरीसाठी, माहीत आहे, आपण बाजारातून दुसरी आणू. चढावर स्कूटर हळू झाली, तेव्हा माझ्या लक्षात आलं की इतर दिवशी ती माझ्या खांद्यावर हात ठेवते. आज तिने मागची दांडी धरली होती. घट्ट राहिलेलंही तिथेच असतं, पण वाचलं जात नाही, हे तिचं पडवीतलं वाक्य मला तिथे, त्या चढावर आठवलं. डोळ्यात कचरा गेला म्हणून मी थांबले, डोळे पुसले आणि पुढे निघाले.

जाऊ मागच्या अंगणात सुपारी पसरत होती. मी पिशवी तिच्यापुढे ठेवली आणि बोलायला लागले. मुलांना समजावं म्हणून नेली, थोडीच सोडणार होते, पंख्याने घोटाळा केला. माझं मलाच ऐकवत नव्हतं. तिने हात पदराला पुसले, पिशवीत हात घातला, तो मुठीएवढा गुंता बाहेर काढून तळहातावर ठेवला. चार महिन्यांचं काम. मग म्हणाली, "पोरांना समजलं का पण?"

माझा ताबा सुटला. मी म्हटलं, तुम्ही मला बोला, वाटेल ते बोला, पण असं समजूतदार वागू नका माझ्याशी. तुम्ही चांगल्या आणि मी वाईट, हे किती वर्षं चालणार? माझी पोर माझ्यापासून तोडलीत आणि वर विचारता पोरांना समजलं का? हे सगळं मी बोलले. अठरा वर्षं मूग गिळून बसले होते, ते एका दमात ओकले. थोरले दीर वाडीच्या टोकाशी होते, ते तिथेच थांबले.

जाऊ पांढरी पडली. तिने तोंड उघडलं, पण आवाज आला मुलीचा.

"मला मेडिकलला जायचं नाही." ती माझ्या आणि जावेच्या मधे येऊन उभी होती. "मला दापोलीला जायचंय, फळबागांचं शिकायला. शिकून इथेच यायचंय, वाडीत. आषाढातच मोठ्या आईला सांगितलं होतं. तुला सांगायची हिंमत होत नव्हती. मोठ्या आईने मला तोडलं नाही, ती रोज मला म्हणायची आईला सांग, आईला सांग."

वाडीत कुठेतरी झावळ पडली. मी बघत होते ते एकच. माझी मुलगी हे मला सांगत होती, पण वाक्य संपेपर्यंत तिचे डोळे जावेकडे होते. नीट जमतंय ना, असं विचारत असल्यासारखे. आणि जाऊ अगदी बारीक मान हलवत होती, हो, बोल, बोल.

मग जाऊ अंगणातच खाली बसली. गुंता मांडीवर घेतला आणि चक्क हसली. "झालं की मग वातीचं काम," ती म्हणाली. मला उमगेना. तेव्हा तिने सांगितलं. फळलं होतं, म्हणून आता बोलून दाखवायला हरकत नव्हती. हिने आपल्या तोंडाने आईला सांगावं, जावेवर मधे पडायची वेळ येऊ नये, यासाठीच वात धरली होती.

मी काय केलं असतं सांगा? रडायला हवं होतं, पाया पडायला हवं होतं. रडले मी नंतर, न्हाणीघरात, नळ सोडून. पण त्या क्षणी मला हेवाच वाटला. माझ्या मुलीसाठी चार महिने राखेत बोटं बुडवायचं मला कधी सुचलं नव्हतं. मी तिच्यासाठी कोचिंगचा क्लास शोधला होता, टेबल-लॅम्प आणला होता. मागायचंच तर मी तिचे मार्क मागितले असते. आणि ही बाई मागत काय होती, तर मुलीने तिला सोडून माझ्याशी बोलावं.

पौर्णिमेपर्यंत नवी वात होणार नव्हती, आणि बाजारातली तिला चालणार नव्हती. आम्ही तिघींनी तुटके धागे एकत्र केले. पदर कसले राहणार, नुसता बोळा झाला होता. जावेने तो तुपात भिजवला. दिवेलागणीला देवळात गेलो. बाकीच्या बायकांच्या वाती सुबक होत्या, आमचा बोळा पणतीत मावत नव्हता. एकीने विचारलं, हे गो काय? जाऊ म्हणाली, आमच्याकडे यंदा असंच आहे. आणि काडेपेटी माझ्या हातात दिली. मी म्हटलं, तुमची आहे, तुम्ही लावा. ती म्हणाली, माझं मागून झालंय, आता तू माग.

बोळा एकदम भडकला, सगळेच पदर एका वेळी पेटले. काय मागितलं ते सांगणार नाही. जावेचं वाईट मागितलं नाही, एवढं कबूल करते.

बारावी झाली. मेडिकलवरून आमची दोन-तीनदा खडाजंगी झाली, नवऱ्याने मुलीची बाजू घेतली आणि मी हरले. जूनमध्ये एका संध्याकाळी मुलगी माझ्या खोलीत आली, मी पेपर तपासत होते तिथे टेबलाच्या कडेवर बसली आणि म्हणाली, आई, दापोलीचा फॉर्म भरला. मी आनंदाने पेन खाली ठेवलं. पूर्वी तिने टेबलावर बसून मला आपणहून काही सांगितल्याचं मला आठवत नाही. मी विचारलं, आज भरलास? ती म्हणाली, काल. मोठी आई होती बरोबर.

जावेनंतर मला कळायला मागच्या वेळी चार महिने लागले होते, त्यावरून आम्ही एका दिवसावर आलो होतो. मी तिच्या गालावरून हात फिरवला, बरं केलंस म्हणाले. आणि हेवा वाटला. एका दिवसाचा का होईना, वाटलाच.